फोनला अव्वाचं बोट कळेना

परवा अव्वाला घेऊन रेशन दुकानात गेलो होतो. तिथलं अंगठ्याचं यंत्र आता सगळ्यांच्या ओळखीचं आहे. अव्वानं अंगठा लावला, यंत्र काही बोलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुकानातला पोरगा म्हणाला, "अज्जी, नीट पुसून लावा की." अव्वानं पुसला नाही. उलट जिभेवर टेकवून ओला केला आणि काचेवर ठेवला. यंत्रानं मुकाट्यानं पावती सोडली. मागच्या रांगेत हशा पिकला. पिशवी घेऊन बाहेर आल्यावर अव्वा मला म्हणाली, "तुझ्या त्या पहिल्या फोनानं शिकवलेली विद्या ही."

तो पहिला फोन म्हणजे आमच्या घरातला पहिला टचस्क्रीन. 2010 च्या दिवाळीत घेतलेला. त्याचं कौतुक मी त्या काळात स्टाफरूममध्ये इतकं केलं होतं, की सहकारी मला लांबून बघूनच वाट बदलायचे. पण त्या फोनाची एक दुसरी गोष्टही आहे. ती मी आजवर कुठं लिहिली नव्हती. आज अव्वानंच विषय काढला, तेव्हा लिहून टाकतो.

आधी थोडं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमचं घर बेळगावच्या वडगाव भागातलं, विणकरांचं. बाबा मागावर बसायचे आणि अव्वा कांड्या भरायची. अव्वाचं माहेर रामदुर्ग. तिची शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. लग्न होऊन इकडं आली आणि मराठी बोलायला शिकली, इतकी की भांडणसुद्धा मराठीत करते. पण वाचायचं म्हटलं की तिची लिपी कन्नडच. बाबा मराठी पेपर वाचायचे, अव्वा कन्नड. एका चहाला दोन पेपर, अशी आमची सकाळ. मी मराठी माध्यमात शिकलो, त्यामुळं कन्नड फाडफाड बोलतो पण वाचताना दुकानाच्या पाटीवरसुद्धा अडखळतो. आमच्या सौ. निपाणीकडच्या, त्यांचंही तेच. म्हणजे घरात कन्नड सरळ वाचणारं माणूस एकच, अव्वा. सीमाभागातल्या बहुतेक वाचकांना हे चित्र आपल्याच घरातलं वाटेल.

आता फोनकडं वळतो. बोटानं चालणारा पडदा ही काही त्या काळातली नवी कल्पना नव्हती. इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन नावाच्या संशोधकानं 1965 मध्येच तसा पडदा मांडला होता, विमानांची ये-जा सांभाळणाऱ्यांसाठी. 1994 मध्ये अमेरिकेत आयबीएमचा 'सायमन' नावाचा फोन विकायला आला, त्यालाही टचस्क्रीन होता. वजन मात्र अर्धा किलो! खिशात ठेवला तर सदरा एका बाजूला लोंबायचा. खरी धमाल झाली ती 2007 मध्ये, ॲपलचा आयफोन आल्यावर. तो आपल्या देशात 22 ऑगस्ट 2008 रोजी आला, आठ जीबीच्या फोनाची किंमत 31 हजार रुपये. आम्हा गेस्ट लेक्चरर मंडळींना तो आकडा वाचूनच घाम फुटला होता.

त्या काळात टचस्क्रीनच्या दोन जाती होत्या. एका जातीत पडद्याखाली दोन पातळ थर असायचे, मध्ये किंचित फट. दाबलं की थर एकमेकांना चिकटायचे आणि फोनला जागा कळायची. त्याला नख चालायचं, काडी चालायची, पेनाचं टोपणसुद्धा चालायचं. 2008 च्या अखेरीस जाहीर झालेला नोकियाचा 5800 या जातीचा. त्याच्याबरोबर काडी तर मिळायचीच, शिवाय गिटार वाजवायच्या नखीसारखी एक चकतीही द्यायचे. दुसरी जात आयफोनची. तिथं काचेवर डोळ्यांना न दिसणारा एक थर असतो, त्यात अगदी बारीक विद्युतभार खेळत असतो. माणसाचं बोट टेकलं की त्या भारात फरक पडतो आणि फोन ओळखतो, की बोट इथं आलं. दाबायची गरज नाही. नुसता स्पर्श पुरतो. पण स्पर्श कातडीचा हवा, नख आणि काडी चालत नाही. पुढं बाजारात हीच जात टिकली.

माझा फोन या दुसऱ्या जातीचा होता. अँड्रॉइडवर चालणारा, तेरा हजारांचा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात एका कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. दोन पगार गेले त्यात. शिवाय दुकानदारानं गळ घातली म्हणून जुना बटणांचा फोन बदलीत देऊन टाकला. चारशे रुपये सुटले.

पहिले पंधरा दिवस काय सांगू! फोन आडवा धरला की चित्रही आडवं व्हायचं. दोन बोटं ताणली की फोटो मोठा व्हायचा. नकाशात एक निळा ठिपका दिसायचा आणि तो ठिपका म्हणजे आपण. मी शहापूरच्या रस्त्यानं चालत असताना तो ठिपकाही माझ्याबरोबर चालतोय, हे बघण्याच्या नादात एकदा सायकलला धडकलो. अक्षरांच्या कळा पडद्यावरच उमटायच्या आणि काम झालं की गुप्त व्हायच्या. अंगठा जाड असेल तर शेजारचंच अक्षर उठायचं, त्यामुळं प्राचार्यांना पाठवलेल्या एका मेसेजमध्ये मी काय लिहून बसलो होतो ते इथं छापता येणार नाही.

खोडीही होत्या. बटणांचा फोन एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला नको. हा सकाळी भरला तर संध्याकाळी मान टाकायचा. खाजगी कंपन्यांचं थ्रीजी आपल्याकडं तेव्हा नुकतं कुठं येऊ घातलं होतं. इंटरनेटचं एक पान उघडायला लावलं की तेवढ्यात चहा उकळून गाळून व्हायचा. सगळ्यात मोठी खोड लिपीची. मराठी पेपरचं पान उघडलं तर पडद्यावर रिकाम्या चौकोनांची रांग. कन्नड उघडलं तरी तेच, चौकोनच चौकोन. ज्या लिपीची अक्षरं फोनात भरलेली नसतात, तिथं तो प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामी चौकट काढतो. संगणकवाले त्या चौकटीला गमतीनं 'तोफू' म्हणतात, म्हणजे सोयाबीनच्या पनीरची वडी. त्या काळात अँड्रॉइडच्या मूळ साच्यात ना देवनागरीची नीट सोय होती, ना कन्नडची. ऑपेरा मिनी नावाच्या ब्राउझरमध्ये एक आडवाट होती. त्याच्या सेटिंगमध्ये एक खूण बदलली की पलीकडचा सर्व्हर अक्षरांचं चित्र काढून पाठवायचा आणि वाचता यायचं. पण मेसेजला ती आडवाट लागू नव्हती. म्हणून आम्ही मराठीही इंग्रजी अक्षरांत लिहायचो. त्यात 'मला' आणि 'माळा' एकच, 'मन' आणि 'मान' एकच. ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

तरी मी खूष होतो. आपल्या अक्षरांना फोनात जागा नाही, याचं तेव्हा मला फारसं काही वाटलं नव्हतं, हे आज लिहायला लाज वाटते. मी एम. ए. झालेला, कॉलेजात शिकवणारा माणूस. मला इंग्रजी येत होतं, माझं अडत नव्हतं.

अव्वाचं मात्र पहिल्या दिवसापासून अडलं. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचा एक जुना फोटो मी फोनमध्ये घेतला होता. माझ्या तीन वर्षांच्या मुलीनं दोन बोटं ताणून तो मोठा केला आणि बाबांचे डोळे पडदाभर झाले. अव्वा बघतच राहिली. मग तिनं स्वतः बोट ठेवलं. फोटो हलेना. जोरात दाबलं, तरी हलेना. नखानं टोकरलं, तरी नाही. नातीनं तिचं बोट धरून फिरवलं, तरी ढिम्म. मला आधी वाटलं ती घाबरत असेल. मग तिचा हात हातात घेऊन बघितला. तीस-पस्तीस वर्षं सूत हाताळून अंगठा आणि पहिलं बोट यांची कातडी कोरडी, जाड, कवचासारखी झालेली. असं बोट काचेवर टेकलं तरी पडद्याला लागणारा बदल पुरेसा होत नाही. फोनच्या दृष्टीनं तिथं कोणी हात लावलेलाच नसतो. सुतार, गवंडी, शेतकरी, वर्षानुवर्षं तंबोरा-सतार वाजवणारे, सगळ्यांचा कमी-जास्त हा अनुभव आहे. मी अव्वाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ह्याला काम केलेलं बोट चालत नाही म्हण की." आम्ही सगळे हसलो. विषय तिथंच संपला.

त्यानंतर मी आणखी एक शहाणपणा केला. घरचा लँडलाइन बंद केला. महिन्याचं भाडं कशाला भरायचं, मोबाइल आहे की, असं म्हणून.

2011 चा मे महिना. पदवीच्या सेमिस्टर परीक्षा चालू होत्या. परीक्षेच्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही असा नियम, म्हणून मी फोन घरीच चार्जिंगला लावून जायचो. त्या दिवशी दुपारची ड्यूटी होती. सौ. मुलीला घेऊन निपाणीला गेलेल्या. घरात अव्वा एकटी.

दोनच्या सुमाराला फोन वाजला. अव्वा जवळ गेली. पडद्यावर हिरवी पट्टी, ती बोटानं उजवीकडं सरकवली की फोन उचलला जातो, हे तिनं माझं बघून बघून पाठ केलं होतं. तिनं बोट ठेवलं, सरकवलं. पट्टी हलली नाही. दुसऱ्या बोटानं, तळहातानं, पदरानं पुसून, सगळं करून झालं. वाजून वाजून फोन थांबला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. पुन्हा तीच झटापट. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती फोन घेऊन शेजारी धावली, तर शेजारच्या घराला कुलूप. ती परत येईपर्यंत आवाज बंद झाला होता. मग 'टुंग' करून मेसेज आला आणि त्याची एक ओळ पडद्यावर आपोआप उमटली. ती ओळ म्हणजे नुसते चौकोन.

संध्याकाळी सहाला मी घरी आलो, तर अव्वा फोन मांडीवर घेऊन दारातच बसलेली. म्हणाली, "तीन वेळा वाजला रे. मग चिठ्ठी आली. पण सगळ्या पेट्याच आहेत." मग तिच्या धंद्यातलं उदाहरण दिलं. "नक्षीच्या कागदावर पण चौकोन असतात, पण कुठला भरायचा ते खूण करून सांगितलेलं असतं. इथं एकपण भरलेला नाही."

तिन्ही मिस्ड कॉल माझ्या मामेभावाचे होते. मी उलटा फोन केला. मामांना, म्हणजे अव्वाच्या थोरल्या भावाला, सकाळी छातीत दुखायला लागलं म्हणून धारवाडला दवाखान्यात आणलं होतं. शुद्धीवर होते, बोलत होते. बहिणीला बोलवा म्हणून सारखे सांगत होते. फोन कोणी उचलत नाही म्हणून मामेभावानं मेसेज टाकला. तो साध्या बटणांच्या फोनवर, आणि कन्नडमध्ये. मुद्दाम कन्नडमध्ये. त्याचा हिशेब सरळ होता, घरात अत्ती असणार आणि तिला कन्नड वाचता येतं. त्याच्या स्वस्तातल्या फोनला कन्नड अक्षरं येत होती. माझ्या तेरा हजारांच्या फोनला येत नव्हती.

मिळेल त्या बसनं आम्ही निघालो. धारवाड म्हणजे दोन तासांचा रस्ता. कित्तूर येईपर्यंत अव्वा एक शब्द बोलली नाही. पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. पाचच्या सुमाराला मामांची प्रकृती एकदम ढासळली होती आणि त्यांना आत अतिदक्षता विभागात नेलं होतं. नळ्या घातलेल्या होत्या. अव्वानं त्यांचा हात धरला, पण डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. मधल्या काळात बोलणं झालंच नाही.

दोनला फोन उचलला गेला असता, तर अव्वा शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाठून अडीचच्या बसला बसली असती. साडेचार-पावणेपाचला पोचली असती. मी हा हिशेब किती वेळा केला असेल, त्याला गणती नाही. बस पंक्चर झाली असती, रिक्षा मिळाली नसती, असंही मनाला सांगून बघितलं. त्यानं हिशेब बदलत नाही.

अव्वानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिवसाच्या कार्याला आम्ही रामदुर्गला गेलो होतो. जेवणं झाल्यावर तिनं मामेभावाला त्याचा फोन मागितला आणि पाठवलेला तो मेसेज काढायला लावला. मेसेज दोन तुकड्यांत गेला होता. इंग्रजी अक्षरांच्या एका मेसेजमध्ये 160 अक्षरं मावतात, आपल्या लिप्यांच्या मेसेजमध्ये 70 च, कारण आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह जास्त जागा घेतं. अव्वानं चष्मा लावला आणि बोटानं एकेक अक्षर धरून, शाळेत वाचतात तसं, मोठ्यानं वाचलं. अप्पाला दवाखान्यात आणलंय, अत्तीला घेऊन 'लगून बर्री'. मग फोन परत देत म्हणाली, "अक्षरं बरोबर आहेत रे. चूक एकपण नाही."

बेळगावला आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे घरात पुन्हा एक बटणांचा फोन आणला. कन्नड अक्षरांचा. तो अव्वाच्या उशाशी असायचा.

पुढची तांत्रिक हकीकत थोडक्यात सांगतो. 2012 मध्ये अँड्रॉइडची 4.1 ही आवृत्ती आली आणि तिच्यात कन्नड, तेलुगू, मल्याळम या लिप्यांची सोय झाली. ती अर्थात नव्या फोनांत. माझ्या फोनला ती कधीच मिळाली नाही, तो शेवटपर्यंत चौकोनच दाखवत राहिला. 2016 मध्ये गूगलनं 'नोटो' नावाचा अक्षरसंच पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. आठशेपेक्षा जास्त भाषांची अक्षरं त्यात आहेत. नावाचा अर्थच 'नो तोफू', म्हणजे आता रिकामी चौकट नको.

2014 मध्ये मी दुसरा टचस्क्रीन घेतला. या खेपेला अव्वाला दुकानात घेऊन गेलो. दुकानदार कॅमेरा किती, मेमरी किती, हे सांगायला लागला. मी म्हटलं, ते राहू द्या, आधी एक कन्नड पान उघडून द्या. उघडलं. अक्षरं सगळी जागच्या जागी. फोन अव्वाच्या हातात दिला. तिनं बोट फिरवलं, पान हललं नाही. दुकानदार म्हणाला, "अज्जी, हळू." अव्वानं थोडा विचार केला आणि बोट जिभेला लावलं. कांडी भरताना सूत तुटलं की दोन टोकं जोडायला ती तसंच बोट ओलं करायची. ओल्या बोटानं पान सर्रकन वर गेलं. कोरड्या कातडीला थोडी ओल मिळाली की पडद्याला स्पर्श कळतो, हे मला नंतर वाचून समजलं. तिला ते सुतानं शिकवलं होतं. "भाळ चलो ऐति," ती म्हणाली, आणि दुकानदारालाच पुढचं पान कसं उघडायचं ते विचारायला लागली.

वाचकहो, फोनांच्या जाहिरातींचा सुकाळ आहे. कोणता घ्यावा हे सांगायचा मला अधिकार नाही. एवढंच सुचवतो. घरात नवा फोन, नवं यंत्र आणाल तेव्हा ते आधी घरातल्या सगळ्यात थोरल्या हातात द्या. त्या हाताला फोन उचलता येतो का, आलेली चिठ्ठी त्यांच्या लिपीत वाचता येते का, एवढं दुकानातच बघा. कॉल आपोआप उचलण्याची सोय बऱ्याच फोनांत असते, ती शोधून ठेवा. आणि जुनं चालू साधन, मग तो लँडलाइन असो की बटणांचा फोन, नवीन साधन सगळ्यांच्या हातात बसेपर्यंत काढून टाकू नका. चारशे रुपयांसाठी तर मुळीच नको.

रेशनची पिशवी घरात ठेवून अव्वा तिच्या कोपऱ्यात जाऊन बसली. चष्मा लावला, फोन घेतला, बोट जिभेला लावलं. रामदुर्गच्या भाच्याला आवाजाचा मेसेज पाठवायचा तिचा रोजचा नेम आहे. मी आतून ऐकत होतो. "ऊटा आतेनप्पा?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत फोन मांडीवर ठेवून बसली.